डळमळते सुकाणू आणि वेळेवर सांगितलेले सत्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी घरातील मुलगा कामाला लागला म्हणजे तो दुकानाच्या गादीवर बसला, अथवा बँकेत, जिल्हा परिषदेत किंवा कारखान्यात रुजू झाला, असाच त्याचा अर्थ असे. गादीवर बसणाऱ्याला धंद्याची तेजी-मंदी ठाऊक होती आणि नोकरीत शिरणाऱ्याला निवृत्तीची तारीख ठाऊक होती. आज बहुतेक प्रत्येक घरातील एखादा मुलगा, एखादी मुलगी वा सून हिंजवडीत, खराडीत, बंगळूरूत, हैदराबादेत किंवा थेट न्यू जर्सीत संगणकासमोर बसलेली आहे. ती नेमके काय काम करते, हे वडिलधाऱ्यांना पुरते उमगलेले नसते. मात्र वर्तमानपत्रात त्या कंपनीचे नाव आणि त्यापुढे 'कपात' हा शब्द दिसला की रात्री फोन केला जातो. "सगळं ठीक आहे ना?" "हो बाबा, ठीक आहे." फोन ठेवला जातो आणि दोन्ही टोकांना झोप लागत नाही.

या 'ठीक आहे'च्या आड काय दडलेले असते, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. ज्या संस्थेत वरचा अधिकारी वारंवार बदलतो आणि दर काही महिन्यांनी माणसे कमी केली जातात, त्या संस्थेत काम करणाऱ्याच्या मनाचे, कामाचे आणि घराचे काय होते, याचा विचार करणे आवश्यक झाले आहे.

एकाच चाकाचे दोन आरे

नेतृत्वाची अस्थिरता आणि वारंवार होणारी नोकरकपात ही वरवर पाहता दोन भिन्न दुखणी वाटतात. वस्तुतः ती एकमेकांना खतपाणी घालतात. नवा मुख्य अधिकारी येतो, तेव्हा संचालक मंडळ आणि भागधारक त्याच्याकडून त्वरित सुधारणेची अपेक्षा धरतात. नवे उत्पादन घडवायला तीन-चार वर्षे लागतात. गमावलेला ग्राहक परत मिळवायला त्याहूनही अधिक काळ लागतो. पगाराचा खर्च मात्र एका तिमाहीत कमी करून दाखवता येतो. म्हणून पहिली कुऱ्हाड तेथे पडते. माणसे गेल्यावर हाती घेतलेली कामे अर्धवट राहतात, निकाल खालावतात आणि त्या निकालांपायी तो अधिकारीच जातो. त्याच्या जागी येणारा पुन्हा तेथूनच आरंभ करतो. चाक फिरत राहते आणि त्याखाली येणारा असतो तो बारा-पंधरा वर्षे निष्ठेने राबलेला नोकरदार.

हे केवळ तर्काने सांगण्यापेक्षा एका संस्थेचा प्रत्यक्ष इतिहास पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. त्यासाठी 'याहू' या अमेरिकन कंपनीचे उदाहरण घेऊ. ज्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस सायबर कॅफेत बसून पहिले ईमेल खाते उघडले, त्यांतील अनेकांचे खाते याहूचेच होते. शिवाय या कंपनीचा सारा चढ-उतार सार्वजनिक नोंदींत उपलब्ध आहे.

याहूची कथा

१९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरील पानांची एक वर्गवार सूची तयार केली. १९९५ मध्ये तिची कंपनी झाली आणि १९९६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. २००० सालाच्या प्रारंभी या कंपनीचे बाजारमूल्य शंभर अब्ज डॉलरच्याही पुढे गेले होते. पुढे गुगलने शोधयंत्राच्या क्षेत्रात तिला मागे टाकले आणि मग तिचे सुकाणू डळमळू लागले.

जून २००७ मध्ये टेरी सेमेल पायउतार झाले. त्यानंतर जुलै २०१२ पर्यंतच्या पाच वर्षांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खुर्चीवर सहा व्यक्ती आल्या. प्रथम संस्थापक जेरी यँग, जानेवारी २००९ मध्ये कॅरोल बार्ट्झ, सप्टेंबर २०११ मध्ये हंगामी म्हणून टिम मोर्स, जानेवारी २०१२ मध्ये स्कॉट थॉम्प्सन, त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा हंगामी म्हणून रॉस लेव्हिन्सन आणि जुलैमध्ये मरिसा मेयर. प्रत्येकाची दिशा वेगळी होती. एकाला ही तंत्रज्ञानाची कंपनी वाटे, तर दुसऱ्याला बातम्या-मनोरंजनाची. काल ज्या कामाला प्राधान्य होते, ते आज गुंडाळले जाई.

याच काळातील कपातीची मालिका पाहावी. फेब्रुवारी २००८ मध्ये सुमारे एक हजार जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किमान दहा टक्के कपातीची घोषणा झाली. एप्रिल २००९ मध्ये सुमारे पाच टक्के, डिसेंबर २०१० मध्ये सुमारे सहाशे आणि एप्रिल २०१२ मध्ये दोन हजार, म्हणजे तेव्हाच्या मनुष्यबळाच्या सुमारे चौदा टक्के माणसे कमी करण्यात आली. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगळूरू येथील केंद्रातील शेकडो अभियंत्यांवर पाळी आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये आणखी पंधरा टक्के कपात जाहीर झाली. २००८ साली जो अभियंता वाचला, त्याला पुढील आठ वर्षांत पुन्हा पुन्हा 'या खेपेस आपला क्रमांक आहे काय' हा प्रश्न स्वतःस विचारावा लागला.

इतकी माणसे कमी करून संस्था वाचली काय? फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने याहू विकत घेण्यासाठी ४४.६ अब्ज डॉलरचा प्रस्ताव दिला होता. तो फलद्रूप झाला नाही. जून २०१७ मध्ये याहूचा मूळ व्यवसाय व्हेरायझन कंपनीला ४.४८ अब्ज डॉलरला विकला गेला. अलिबाबा या चिनी कंपनीतील याहूचा मौल्यवान हिस्सा या विक्रीत नव्हता, म्हणून या दोन आकड्यांची सरळ तुलना योग्य होणार नाही. गुगलची स्पर्धा आणि भ्रमणध्वनीचे नवे युग ही ऱ्हासाची अन्य कारणेही होती. तथापि वारंवार माणसे कमी केल्याने ही घसरण थांबली नाही, इतके निश्चित म्हणता येते.

मागे राहिलेल्यांचे मन

कपात झाली की सर्वांचे लक्ष जाणाऱ्यांकडे जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मागे राहिलेल्यांची अवस्था फारशी कोणी विचारात घेत नाही. कोलंबिया विद्यापीठातील जोएल ब्रॉकनर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून नेमका हाच विषय अभ्यासला. त्यांच्या संशोधनाचे सार असे की, मागे राहिलेले कर्मचारी जाणाऱ्या सहकाऱ्यांना कशी वागणूक मिळाली, हे बारकाईने पाहतात. निर्णयाची कारणे सांगितली गेली आणि वागणूक न्याय्य होती, असे वाटले तर त्यांची निष्ठा बव्हंशी टिकते. तसे न वाटल्यास ते देहाने कार्यालयात राहतात आणि मनाने निघून जातात.

मनाने निघून गेलेला माणूस काम करतो, पण जोखीम घेत नाही. तो वरिष्ठांची चूक दाखवीत नाही आणि आपले ज्ञान शेजाऱ्याला देत नाही, कारण ते ज्ञान हीच आपली ढाल आहे, असे त्याला वाटू लागते. चहाच्या सुट्टीत कामाऐवजी अफवांची देवघेव होते. सभेचे निमंत्रण अचानक आले, मनुष्यबळ विभागातील कोणी मजल्यावर दिसले, ओळखपत्र दारावर एकदा लागले नाही, तरी छातीत धस्स होते.

कर्तृत्ववान माणसे तर पाळी येण्याची वाटही पाहत नाहीत. अमेरिकेतील ट्रेव्हर आणि नायबर्ग या दोन अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, कपातीनंतर उरलेल्यांपैकी स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाणही वाढते. याहूपुरते बोलायचे तर ब्रायन ॲक्टन आणि यान कूम हे दोन अभियंते २००७ मध्ये तेथून स्वतःहून बाहेर पडले. २००९ मध्ये त्यांनी व्हॉट्सॲप सुरू केले आणि २०१४ मध्ये फेसबुकने ते सुमारे एकोणीस अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. आज घरोघरी सकाळचा पहिला नमस्कार ज्यावरून जातो, ते साधन घडविणारे हात एकेकाळी याहूच्या पगारपत्रकावर होते. प्रचंड माहितीसाठा हाताळणारी 'हडूप' ही प्रणालीही याहूमध्येच मोठी झाली. पुढे २०११ मध्ये तिच्यावर काम करणारे अनेक अभियंते बाहेर पडून वेगळ्या कंपनीत गेले. कोण जाणार, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याच हाती आहे, असे व्यवस्थापनाला वाटत असते. प्रत्यक्षात निम्मी निवड जाणाऱ्यांनी स्वतःच केलेली असते.

कपातीहून मोठी हानी

यावरून कपात कधीही करूच नये, असा निष्कर्ष काढणे अव्यवहारी ठरेल. २००६ साली याहूतीलच ब्रॅड गार्लिंगहाउस या वरिष्ठ अधिकाऱ्याचे एक अंतर्गत टिपण वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाले. कंपनी पावावर शेंगदाण्याचे लोणी पातळ पसरावे तशी सर्व क्षेत्रांत पसरली आहे, कशातच दाटपणा उरलेला नाही, असे सांगून त्यांनी पंधरा ते वीस टक्के मनुष्यबळ कमी करण्याची सूचना केली होती. घर मोठे आणि मिळकत छोटी झाली की खर्च आवरावाच लागतो, हे व्यापारी मंडळींना सांगावे लागत नाही.

मग घात कशाने होतो? एकदाच विचारपूर्वक करावयाचे काम पाच वेळा हप्त्याहप्त्याने केल्याने आणि प्रत्येक हप्त्यापूर्वी सत्य दडविल्याने तो होतो. 'आता याहून अधिक कपात होणार नाही' असे सांगून पुढल्याच वर्षी पुन्हा यादी काढली, की त्या संस्थेच्या कोणत्याही शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही. 'पुनर्रचना', 'सुयोग्य आकार', 'कार्यक्षमता वृद्धी' असे गोंडस शब्द योजले, तरी कर्मचाऱ्यांच्या मनात त्यांचे भाषांतर एकच होते.

याहूच्या इतिहासात या दृष्टीने तीन प्रसंग चिंतनीय आहेत. सप्टेंबर २०११ मध्ये कॅरोल बार्ट्झ यांना संचालक मंडळाच्या अध्यक्षांनी दूरध्वनीवरून पदमुक्त केल्याचे कळविले आणि बार्ट्झ यांनी ते तसेच्या तसे कर्मचाऱ्यांना लिहून पाठविले. सर्वोच्च पदावरील व्यक्तीला समोर बसवून सांगण्याचे धैर्य जेथे नव्हते, तेथे चौथ्या मजल्यावरील अभियंत्याने काय अपेक्षा धरावी? मे २०१२ मध्ये स्कॉट थॉम्प्सन यांना जावे लागले. त्यांच्या अधिकृत परिचयात संगणकशास्त्राची पदवी नमूद होती, आणि ती त्यांच्याजवळ नव्हती. ज्यांच्या कारकिर्दीत दोन हजार माणसांच्या कपातीची घोषणा झाली, त्यांचा स्वतःचा परिचयच सदोष निघाला. तिसरा प्रसंग २०१४ सालचा. त्या वर्षी चोरट्यांनी सुमारे पन्नास कोटी ग्राहकांच्या खात्यांची माहिती पळविली. ही गोष्ट जगासमोर आली ती सप्टेंबर २०१६ मध्ये. हे वेळेवर न कळविल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०१८ मध्ये याहूच्या उत्तराधिकारी कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला.

तिन्ही प्रसंगांत समान सूत्र एकच आहे. सत्य वेळेवर सांगितले गेले नाही. नोकरीची शाश्वती कोणताही मालक कोणालाही देऊ शकत नाही. बाजार बदलतो, यंत्रे बदलतात, ग्राहकाची आवड बदलते. परंतु वेळेवर सांगितलेले सत्य मात्र प्रत्येक मालक देऊ शकतो. त्याला भांडवल लागत नाही.

दुसरे एक उदाहरण

हे केवळ आदर्शाच्या गोष्टींपुरते खरे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून त्याच दशकातील एका जपानी कंपनीकडे पाहावे. व्हिडिओ खेळ बनविणारी निन्टेंडो २०११ पासून अडचणीत आली होती. तिचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी त्या वर्षी स्वतःचे वेतन निम्मे केले आणि २०१४ मध्ये पुन्हा काही महिन्यांसाठी तसेच केले. इतर संचालकांच्या वेतनातही कमी-अधिक कपात झाली. २०१३ मध्ये भागधारकांनी खर्चकपातीविषयी विचारले, तेव्हा नोकरी जाण्याच्या भीतीखाली काम करणारी माणसे जगाला आनंद देणारे खेळ घडवू शकणार नाहीत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. कंपनीने युरोपातील एक कार्यालय बंद केले, तेव्हा तेथील काही जण कमी झाले, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पण मूळ कारागीर मंडळी टिकली. इवाता २०१५ मध्ये निवर्तले. मार्च २०१७ मध्ये त्याच मंडळींनी 'स्विच' हे यंत्र बाजारात आणले आणि त्याची विक्री पुढे पंधरा कोटींच्या वर गेली. प्रत्येक संस्थेजवळ निन्टेंडोसारखी गंगाजळी नसते, हे खरे. परंतु संकटात पहिली झळ कोणी सोसायची, हा प्रश्न गंगाजळीचा नाही. तो नीतीचा आहे.

नोकरदाराने काय करावे

आता त्या रात्रीच्या फोनकडे परत येऊ. अशा डळमळत्या संस्थेत जो काम करीत आहे, त्याने काय करावे?

प्रथम, दोन टोके टाळावीत. एक टोक म्हणजे 'आपण इतके चांगले काम करतो, आपल्याला कोण काढेल' हा भ्रम. कपातीच्या याद्या अनेकदा संपूर्ण विभागच्या विभाग पुसून तयार होतात. तेथे व्यक्तीची गुणवत्ता पाहिलीच जाते असे नाही. म्हणूनच नोकरी जाणे म्हणजे नालायक ठरणे नव्हे. दुसरे टोक म्हणजे सदैव भयग्रस्त राहून अफवांच्या मागे धावणे. वरच्या मजल्यावर कोण येते आणि कोण जाते, हे नोकरदाराच्या हाती नाही. हातचे काम नीट करणे, रोज काही नवे शिकणे आणि जुन्या सहकाऱ्यांशी स्नेह राखणे हे मात्र त्याच्या हाती आहे. पुढची नोकरी बहुधा जाहिरातीतून मिळत नाही. ती पूर्वी याच कंपनीतून गेलेल्या सहकाऱ्याच्या एका शब्दाने मिळते. कपातीत गेलेल्या मित्राला त्या आठवड्यात फोन करणारे थोडे असतात, आणि तो फोन तो मित्र आयुष्यभर विसरत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते भागतील इतकी रक्कम वेगळी असावी. ती समभागांत नसावी, जमिनीत नसावी, हाती येईल अशी असावी. ज्या कंपनीत नोकरी, त्याच कंपनीच्या समभागांत सारी बचत ठेवणे म्हणजे दोन्ही पाय एकाच होडीत ठेवणे होय. आई-वडिलांचा आरोग्य विमा केवळ कंपनीच्या सामूहिक योजनेतून असेल, तर नोकरीबरोबर तोही संपतो. म्हणून स्वतंत्र विमा नोकरी असतानाच घ्यावा.

तिसरी गोष्ट कागदांची. अनेक ठिकाणी कपात हा शब्द न वापरता कर्मचाऱ्याला बंद खोलीत बोलावून राजीनाम्यावर सही मागितली जाते. राजीनामा आणि कपात यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने, एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची सूचना किंवा त्याऐवजी वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून देणे बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली आहे. हे तत्त्व तिच्यातही कायम असून, कमी केलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्यासाठी निधीची तरतूद तिच्यात आहे. मुख्यतः व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारे मात्र 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. पदाचे नाव 'मॅनेजर' असले तरी प्रत्यक्ष काम कोणते, हे पाहिले जाते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद घरी आणून वाचावा आणि जाणकाराला दाखवावा. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे वेतन, अनुभवाचे पत्र आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते यांचा हिशेब लेखी घ्यावा. संतापाच्या भरात दोन दिवसांपूर्वी सोडलेली नोकरी पाच वर्षांच्या ग्रॅच्युइटीला मुकवू शकते.

परदेशी असलेल्यांची अडचण निराळी आहे. अमेरिकेत एच-वन-बी परवान्यावर काम करणाऱ्याची नोकरी सुटली, तर २०१७ च्या नियमानुसार त्याला तेथे राहण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक शोधावा लागतो, दुसऱ्या प्रकारच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, अथवा भाड्याचे घर, मुलांची शाळा, गाडीचे कर्ज सारे आवरून परतावे लागते. तिकडून 'ठीक आहे' असे उत्तर येते, तेव्हा या साठ दिवसांचा हिशेब त्या मनात आधीच सुरू झालेला असतो.

घराने काय करावे

आणि आता सर्वांत महत्त्वाची बाजू, घराची. नोकरी गेल्यावर ती बातमी पत्नीपासून, आई-वडिलांपासून लपविणारी माणसे आहेत. सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवसभर एखाद्या वाचनालयात किंवा बागेत बसायचे आणि सायंकाळी नेहमीच्या वेळी परतायचे. असे दिवस काढलेल्याच्या मनाची कल्पना करावी. त्याला पैशाची चिंता असतेच, पण त्याहून मोठी भीती असते ती चेहऱ्यांची. वडील काय म्हणतील, सासरी काय वाटेल, जमलेले लग्न मोडेल काय, समाजाच्या कार्यक्रमात कोणी 'हल्ली कुठे असतोस?' असे विचारले तर काय सांगायचे.

कंपनीने त्याच्यापासून सत्य लपविले आणि आता तो तेच घरापासून लपवीत आहे. त्याला तसे करावे लागते, याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. ज्या घरात यशाचीच बातमी ऐकली जाते, त्या घरात अपयशाची बातमी उशिरा पोहोचते. पगाराच्या आकड्यावरून मुलाची थोरवी मोजली गेली असेल, तर पगार थांबताच आपली किंमत शून्य झाली, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

व्यापारी घराण्यांना हे समजणे खरे तर सोपे आहे. ज्या पिढीने दुकान बसताना पाहिले, उधारी बुडालेली पाहिली, एका हंगामात सारे गमावून दुसऱ्या गावी नव्याने पाल ठोकले, त्या पिढीने तोट्याला कधी कलंक मानले नाही. तोटा वहीत लिहिला जाई, भावाभावांत सांगितला जाई आणि दुसऱ्या दिवशी दुकान पुन्हा उघडले जाई. वहीत न लिहिलेला तोटाच पेढी बुडवितो, हे त्यांना ठाऊक होते. मग नातवाची नोकरी गेली तर ती गोष्ट कुजबुजत का सांगावी?

म्हणून फोनवरचा प्रश्न थोडा बदलावा. 'सगळं ठीक आहे ना?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर अपेक्षित असते. त्याऐवजी आई-वडिलांनी आपणहून एकदा सांगून ठेवावे, "नोकरी गेली तर पहिल्या दिवशी आम्हाला सांग. हप्ते कसे भरायचे, ते मिळून पाहू." संकट येण्यापूर्वी उच्चारलेले हे एक वाक्य संकट आल्यावर दिलेल्या शंभर उपदेशांहून मोलाचे आहे. लग्नाची बोलणी करणाऱ्यांनीही मुलाच्या कंपनीचे नाव विचारण्याआधी अडचणीत तो कसा वागतो, हे विचारावे. कंपनीचे नाव पाच वर्षांत बदलेल. स्वभाव बदलणार नाही.

मालकांसाठी दोन शब्द

या सभागृहात नोकरदार आहेत, तसेच मालकही आहेत. कोणाच्या दुकानात चार माणसे असतील, तर कोणाच्या कारखान्यात चाळीस. मोठ्या कंपन्यांच्या वर्तनाला नावे ठेवताना स्वतःच्या गल्ल्यापाशी उभे राहून विचार करणे न्याय्य ठरेल. माणूस कमी करण्याची वेळ खरोखरच आली, तर ती गोष्ट त्याला मालकाने स्वतः समोर बसवून सांगावी. मुनीमाकरवी किंवा भ्रमणध्वनीवरील निरोपाने सांगू नये. शक्य तितकी आधी सांगावी. देणे असेल ते मागायला न लावता द्यावे. एकापेक्षा अधिक जणांना कमी करायचे असेल तर एकदाच विचार करून करावे आणि उरलेल्यांना त्याच दिवशी कारण स्पष्ट सांगावे. दोन पिढ्या दुकान सांभाळून व्यवसायाची सूत्रे मुलाच्या हाती देतानाही हेच पथ्य आहे. बाप एक सांगतो आणि मुलगा दुसरे सांगतो, अशा पेढीवरील नोकरांची अवस्था याहूमधील अभियंत्यांहून वेगळी नसते.

कंपन्यांची नावे आणि अधिकारी बदलत राहतील, नवी यंत्रे येतील आणि त्यांपायी पुन्हा कपातीच्या याद्या निघतील. ते थांबविणे या सभागृहाच्या हाती नाही. परंतु आज रात्री घरी गेल्यावर पुण्यात, बंगळूरूत किंवा न्यू जर्सीत असलेल्या मुला-मुलीला फोन करणे आणि ते एक वाक्य सांगून ठेवणे प्रत्येकाच्या हाती आहे. तो फोन आज केला जावा, एवढीच प्रार्थना.